बरोबरकाकांची गाडी

काकू माझ्या दुकानात आल्या तेव्हा त्यांच्या हातात वहीचं फाडलेलं पान होतं आणि त्यावर चारच शब्द होते. ‘जुनी गाडी विकणे आहे.’

माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, त्यांच्या फाटकाच्या अगदी समोर. लोक अर्ज, करार, तक्रारी, काय काय घेऊन येतात. चुरगळलेले शब्द देतात आणि मी त्यांना इस्त्री करून परत देते. पण चार शब्दांना इस्त्री तरी कुठे करणार?

“एवढ्यावर कोण येणार, काकू?” मी म्हटलं. “किती जुनी, कशी आहे, आत काय आहे, सगळं लिहावं लागतं.”

“मला काय कळतंय त्यातलं. चमचे कुठल्या खणात आहेत ते विचार, सांगते.”

मग मी विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या. गाडी चाळीस वर्षांपूर्वीची. चारही चाकांना जोर असलेली, डोंगर चढणारी. आत दोन माणसांना झोपायची जागा, दोन ज्योतींची शेगडी, ताटाएवढं बेसिन, पाण्याची टाकी, वर उचलता येणारं छत. मी सगळं टाईप केलं आणि शेवटी विचारलं, “काही बिघाड?”

काकूंनी बोटांवर मोजलं. “छताच्या एका कोपऱ्यातून गळते. पाण्याचा पंप कधी चालतो, कधी नाही. आणि ती चार चाकांची भानगड बंद आहे. दोनच चाकांवर चालते. हे त्या आठवड्यात खाली पडून काहीतरी खुडबुड करत होते. काय ते सांगायचं राहिलं, आणि मग हे असं झालं.”

मी लिहिलं, ‘किरकोळ दुरुस्ती आवश्यक.’

“किरकोळ म्हणजे किती गं?” काकूंनी विचारलं.

“सगळे असंच लिहितात,” मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली. खाली माझ्याच दुकानाचा नंबर टाकला, कारण त्यांना फोनवर बोलायची भीती वाटायची.

काकांना आमची गल्ली बरोबरकाका म्हणते, आणि ते नाव आजारपणाच्या कितीतरी आधीचं. ते हवामान खात्यात यंत्रं बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम करायचे. पाऊस मोजायचं भांडं, वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण, तापमापकांची पांढरी पेटी, असलं सगळं. ही यंत्रं असतात कुठे, तर जिथे माणूस सहसा जात नाही तिथे. त्यामुळे महिन्यातले पंधरा दिवस काका डोंगरावर आणि काकू घरी. चुकीचं काही दिसलं की त्यांना चैन पडायचं नाही. किराणा दुकानाचा काटा, शेजारच्यांच्या दाराची बिजागरी, माझ्या भिंतीवरचं घड्याळ. कुणी सांगो न सांगो, ते नीट करणार, दोन पावलं मागे सरून बघणार आणि म्हणणार, “बरोबर.” लोक हसायचे, पण काटा बिघडला की त्यांच्याकडेच धावायचे.

ही गाडी खात्याचीच होती. खात्यानं ती मोडीत काढली तेव्हा काकांनी लिलावात घेतली. निवृत्तीला चार वर्षं होती. ती चारही वर्षं त्यांनी अंगणात तिच्यात डोकं घालून काढली. पलंग केला, खण केले, प्रत्येक खणाला अशी खिटी केली की वळणावर तो आपोआप उघडू नये. काकूंचा चष्मा ठेवायला उशाशी लाकडात एक खोबण कोरली. काकू म्हणायच्या, “तीस वर्षं हा माणूस मला घरी ठेवून डोंगरावर गेला. आता म्हणतो, चल. आता माझे गुडघे कुठे चलतायत?” पण गेल्या. पहिल्या फेरीला तोंड फुगवून गेल्या, दुसऱ्या फेरीला स्वतःच पिशवी भरली. सहा वर्षं दोघं वर्षातून तीन-चार वेळा निघायची. काका काकूंना आपली जुनी ठिकाणं दाखवायचे. इथे वारा मोजायचो, इथे एकदा चार दिवस अडकलो होतो. काकू परत आल्या की दुकानात बसून मला सांगायच्या, “अगं, सकाळी दार उघडलं तर ढग पायरीशी. केर काढावा तसे बाहेर लोटावेसे वाटले.”

मग एका सकाळी दाढी करताना काकांच्या हातातून वस्तरा बेसिनमध्ये पडला. उचलायला वाकले आणि तिथेच बसले. तीन आठवड्यांनी दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला होता आणि वाचा गेली होती. सगळी नाही. एक शब्द उरला होता. कोणता, ते सांगायला नकोच.

डॉक्टरांनी काकूंना समजावलं. त्यांना सगळं कळतं, विचार जागेवर आहेत, पण शब्दांचं कपाट कोसळलंय. हाताला येतो तो एकच. हो म्हणायचं असेल तरी तोच, नाही म्हणायचं असेल तरी तोच. काकूंनी पाटी आणून दिली. डाव्या हातानं त्यांनी रेघा ओढल्या, पण अक्षरंही त्याच कपाटात होती. पाटी पुसून पुसून काकूंनी शेवटी माळ्यावर टाकली.

“आता मला कळायला लागलंय,” काकू मला एकदा म्हणाल्या. “लांब ‘बरोबर’ म्हणजे हो. तुटका म्हणजे नाही. लागोपाठ दोनदा म्हणजे, अगं बये, नीट ऐक.”

वर्षभर त्यांनी एकटीनं केलं. उठवणं, बसवणं, आंघोळ. मग त्यांचीच पाठ धरली. लेक दुसऱ्या शहरात असते. ती म्हणाली, आई, आता पुरे, दोघंही इकडे या. लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर. खाली गाडी उभी करायला जागा मोजून एक, आणि ती जावयांच्या गाडीची. घरमालकाला दीड महिन्याची मुदत सांगून झाली. उरली ही अंगणातली गाडी.

“काकांना विचारलंत?” मी म्हटलं.

“विचारलं. बरोबर म्हणाले.”

“कुठला?”

“लांबच होता,” काकू म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं, “तसा फार लांब नव्हता.”

जाहिरात लागल्यावर पहिल्या आठवड्यात एक तरुण जोडपं आलं. आत चढलं, पलंगावर आडवं पडून फोटो काढले, छत उघडून फोटो काढले, शेगडीपाशी खोटा चहा करतानाचे काढले. काका बाहेर खुर्चीत बसून बघत होते. “भारी आहे,” दोघं म्हणाली आणि गेली ती गेलीच.

मग जनावरांची एक डॉक्टर आली. चाळिशीची, केस कापलेले, पायात बूट. ही पाहुणी वेगळी होती. तिनं फोटो काढले नाहीत. तिनं खण उघडून खिटी दोनदा लावून पाहिली आणि काकांकडे वळून विचारलं, “हे तुम्ही केलंत?”

“बरोबर,” काका म्हणाले. तो लांब होता, तो मलाही कळला.

ती डोंगरातल्या धनगर वस्त्यांवर जायची. कधी कधी दोन दोन दिवस तिथेच राहावं लागायचं, मेंढरांच्या शेजारी तंबू ठोकून. तिला अशीच गाडी हवी होती. तिनं गाडी गल्लीतून फिरवून आणली, खाली वाकून पाहिलं, किंमतही विचारली आणि घासाघीस केली नाही. पण चार चाकांचा दांडा ओढला तर तो नुसताच सैल हलला, गाडीला काही कळलं नाही.

“मला तेवढंच लागतं, काकू,” ती म्हणाली. “बाकी गळणं-बिळणं मी बघून घेईन. पण वर चिखल असतो, दोन चाकांवर मी पोचणारच नाही. हे दुरुस्त झालं की कळवा. महिनाभर मी थांबते.”

काकांनी तिच्याकडे बघत डावा हात गाडीखाली दाखवला आणि म्हणाले, “बरोबर. बरोबर.”

ती नम्रपणे हसली. तिला काय माहीत दोनदाचा अर्थ काय ते. काकूंना माहीत होता, पण नीट ऐकायचं म्हणजे काय ऐकायचं, ते त्यांनाही कळेना.

आम्ही मेकॅनिक शोधायला लागलो. काकांचा नेहमीचा माणूस होता, तो दुकान विकून मुलाकडे निघून गेला होता. दुसऱ्यानं फोनवर गाडीचं वय ऐकलं आणि म्हणाला, ताई, माझ्यापेक्षा मोठी आहे ती, मी हात लावणार नाही. तिसरा उद्या येतो म्हणाला. त्याचा तो उद्या अजून उगवायचाय. चौथा आला, भोवती एक चक्कर मारली, याचे भाग आता मिळत नाहीत असं सांगून गेला. कोणता भाग, हे त्यानं पाहिलंही नव्हतं.

शेवटी एका रविवारी दुकान बंद ठेवून मीच गाडीखाली शिरले. माझ्या वयाच्या आणि आकाराच्या बाईनं करायचं काम नव्हे ते. काकूंनी खाली जुनी चादर अंथरली. काकांची खुर्ची गाडीला लागून ठेवली. ठरलं असं, की मी काठीनं एकेका भागाला टोचायचं आणि काकांनी आवाज द्यायचा.

“हे का काका?”

“बरोबर.” तुटका.

“हे?”

“बरोबर.” तुटका.

सगळीकडे काळं वंगण आणि त्यावर बसलेली माती. मला सगळे दांडे सारखेच दिसत होते. अर्ध्या तासानं चालकाच्या जागेच्या खालोखाल एका बारक्या दांड्याला काठी लागली. तो एका टोकाला तारेनं वर बांधून ठेवलेला होता. वर काकांचा श्वास बदलला. “बरोबर. बरोबर. बरोबर.”

तीनदा मी कधी ऐकला नव्हता. मी टॉर्च मारला. दांड्याच्या टोकाला बोट जाईल एवढं भोक होतं आणि ते मोकळं होतं.

“हा तुटलाय का?” मी विचारलं.

“बरोबर.”

“तुटका की लांब होता, काकू?”

काकू वरून म्हणाल्या, “मला नाही कळला गं. रडवेला होता.”

मी सरपटत बाहेर आले. काका डावी तर्जनी नि अंगठा जुळवून हवेत काहीतरी खुपसत होते. खुपसायचे, माझ्याकडे बघायचे, परत खुपसायचे. मी म्हटलं, वेल्डिंग? ते म्हणाले बरोबर. मी म्हटलं, सुई? वंगण? इंजेक्शन? बरोबर, बरोबर, बरोबर. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंनी पदरानं ते पुसलं आणि मला म्हणाल्या, “पुरे कर आता. त्यांना त्रास होतोय.”

संध्याकाळी मी हार्डवेअरच्या दुकानात गेले. खाली एक दांडा आहे, तो तुटलाय, जोडून मिळेल का? तो म्हणाला, दांडा काढून आणा, मग बघू. मला तो काढता येत नव्हता, आणि काढणारा कुणी मिळत नव्हता. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. दुरुस्ती माहीत असलेला माणूस खुर्चीत बसला होता आणि आम्ही गावभर हिंडत होतो.

महिना संपायला दोन दिवस असताना मी स्वतःहून जनावरांच्या डॉक्टरला फोन केला. ती म्हणाली, “सॉरी, ताई. मला वाटलं, तुमचं काही जमलं नाही. मी परवाच दुसरी घेतली. तिच्यात एवढी सोय नाही, पण वर चढते.” महिना पुरा भरला नव्हता, पण आम्हीही मधे काही कळवलं नव्हतं. तिचं काही चुकलं नव्हतं. काकूंना सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, “चांगली होती गं ती. तिनं खिटी लावून पाहिली होती.”

निघायला आता दहा दिवस राहिले. तेव्हा दलाल आला.

जुन्या गाड्या घेऊन विकायचा त्याचा धंदा. गोड बोलणारा, घडीचा शर्ट, बरोबर त्याचा एक मेकॅनिक. तो पन्नाशीचा, बारीक, तोंड मिटलेला. मेकॅनिक पाठीवर झोपून खाली गेला, दोन मिनिटांत बाहेर आला आणि हात पुसत उभा राहिला. दलालानं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं जमिनीकडे पाहिलं.

मला वाटलं आपण मदत करावी. मी म्हटलं, “खाली एक दांडा तुटलाय. बारीकसाच आहे.”

आजही ते वाक्य आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

“दांडा तुटलाय?” दलाल म्हणाला. “मग आतली गिअरची पेटीच गेली असणार. असा दांडा उगाच नाही तुटत.” आणि तो काकांपुढे उकिडवा बसला. अगदी आदरानं, हात जोडल्यासारखे करून. “काका, पेटीतून आवाज यायचा ना?”

“बरोबर,” काका तोडून म्हणाले.

“म्हणजे पूर्ण उघडावी लागणार.”

“बरोबर. बरोबर.” काकांनी डावा हात खुर्चीवर आपटला.

“बघा, काकू. मालक स्वतःच सांगतायत.”

“अहो, ते सगळ्यालाच बरोबर म्हणतात,” काकू म्हणाल्या. “त्यांना दुसरा शब्द येत नाही. ते नाही म्हणतायत.”

“असं?” दलाल उठला. “मग तुम्ही मगाशी विचारलंत, गाडी चांगली आहे ना, तर तेव्हाही ते बरोबरच म्हणाले. ते कुठलं धरायचं?”

काका घशातून आवाज काढत होते, मान हलवत होते, आणि जो शब्द बाहेर येत होता तो दलालाच्या बाजूनं साक्ष देत होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला. मारणाऱ्यानं तोंड दाबलंही नव्हतं.

त्यानं डॉक्टरनं कबूल केलेल्याच्या तिसऱ्या हिश्श्याला गाडी मागितली. काकू म्हणाल्या, विचार करून सांगते. तो म्हणाला, करा की, पण तुम्ही निघताय असं ऐकलं, मागे राहिली तर घरमालक ती भंगारात टाकेल. ही माहिती त्याला गल्लीतूनच मिळाली असणार. काकूंनी लेकीला फोन लावला. मी शेजारीच होते, लेकीचा आवाज ऐकू येत होता. “आई, दे ना टाकून. एका गाडीपायी किती जीव काढशील?” लेकही वाईट नाही. दोन लहान मुलं, नोकरी, आणि आता आईवडील. तिलाही कुठूनतरी एक ओझं कमी हवं होतं.

अडला हरी म्हणतात ना, तशी काकूंनी मान डोलावली. मी माझ्याच दुकानात विक्रीचा कागद टाईप केला. काकांच्या डाव्या अंगठ्याला शाई लावली ती मीच. त्यांनी अंगठा मागे घेतला नाही. कागदावर दाबतानाही त्यांची नजर दाराबाहेर मेकॅनिकवर होती.

गाडी न्यायला ते तीन दिवसांनी आले. त्याआधी दोन दिवस अंगणातला पाण्याचा नळ जमिनीखाली फुटला होता. घर सोडायचंच होतं, म्हणून घरमालकानं दुरुस्तीची घाई केली नाही. अंगणाचा लगदा झाला होता. मेकॅनिकनं गाडी सुरू केली, ती पहिल्या फटक्यात सुरू झाली. पण मागची दोन चाकं जागच्या जागी फिरली आणि वीतभर रुतली. फळ्या घातल्या, विटा घातल्या. दलालानं आपली गाडी दोरानं बांधून ओढली, तर तिचीच चाकं घसरायला लागली. दोर तुटला. गल्ली जमा झाली. जो तो सल्ला देत होता.

मेकॅनिक खाली उतरला. दलालाजवळ जाऊन म्हणाला, “साहेब, बोल्ट टाकू का?”

दलालानं त्याच्याकडे असं पाहिलं की मी दुकानाच्या पायरीवरूनही ते पाहिलं. पण दुपार होत आली होती, आणि त्याच्या शर्टावर चिखल उडाला होता. “टाक,” तो म्हणाला.

मेकॅनिकनं हत्यारांच्या पेटीतून बोटाएवढा एक बोल्ट काढला. चिखलात गोणपाट टाकून खाली गेला. तारेचा एक तुकडा बाहेर पडला, मग किल्लीचे चार-पाच आवाज. दहा मिनिटंही लागली नाहीत. वर चढून त्यानं चार चाकांचा दांडा ओढला. आतून खणखणीत ठोका ऐकू आला, काहीतरी जागेवर बसल्याचा. चारही चाकं एकदम फिरली, आणि गाडी त्या लगद्यातून सावकाश, कुणी हाक मारल्यावर उठावं तशी बाहेर आली.

खालचा दांडा तुटलेला नव्हताच. काकांनी आजारी पडायच्या आधी त्याला वरच्या दांड्याशी जोडणारी झिजलेली पिन बदलायला म्हणून काढली होती आणि दांडा लोंबू नये म्हणून तारेनं बांधून ठेवला होता. एवढंच. बोटानं ते हवेत खुपसत होते ती पिन होती.

मी काकूंकडे पाहिलं. काकू फाटकाशी उभ्या होत्या, हातात गाडीचे पडदे. पडदे त्यांनी स्वतः शिवले होते, म्हणून काढून घेतले होते. त्या मेकॅनिकजवळ गेल्या.

“तुम्हाला पहिल्या दिवशीच दिसलं होतं?”

मेकॅनिकनं खिडकीतून खाली पाहिलं नाही. “मी दुसऱ्याच्या पगारावर आहे, काकू.”

“ते माझ्या लक्षात आलं,” काकू म्हणाल्या. “दिसलं होतं का, तेवढं सांगा.”

“दिसलं होतं.”

दलाल मध्ये आला. “काकू, कागद झालाय. दोन्ही बाजूंनी राजीखुशीनं झालाय.” काकूंनी त्याला काही म्हटलं नाही. मी म्हटलं, बरंच काही म्हटलं, गल्लीतले दोघं-चौघंही बोलले. त्यानं ते सगळं ऐकून घेतलं, रोजच ऐकत असल्यासारखं, आणि आपल्या गाडीत जाऊन बसला.

पण मला जे सहन झालं नाही ते वेगळंच होतं. तो ठोका ऐकू आला तेव्हा खुर्चीत काकांचा डावा हात मांडीवर पुढे सरकला होता, दांडा टाकल्यासारखा. आणि त्यांच्या तोंडाची जी अर्धी बाजू चालते, ती हसली होती. फसवलं गेल्याचं त्यांना कळत होतं, आमच्या कुणाहीपेक्षा आधी कळलं होतं. तरी ते हसले. नंतर गाडी वळणावर दिसेनाशी झाली, आणि ते हसू बराच वेळ तसंच राहिलं, कारण ते पुसायचं कसं हे त्या चेहऱ्याला लगेच जमलं नाही.

चार दिवसांनी एक टेम्पो आला आणि दोघं गेली.

मी पाच महिन्यांनी त्यांना भेटायला गेले. लेकीचं घर छान आहे, स्वच्छ आहे. काका-काकूंना एक खोली दिली आहे, तिला खिडकी आहे. गाडीचे पडदे त्या खिडकीला लावायचं काकूंच्या मनात होतं, पण खिडकी मोठी आणि पडदे आखूड, म्हणून त्यांच्या दोन उश्या केल्या. काकूंची पाठ सुधारली आहे. एक बाई आठवड्यातून दोनदा काकांना बोलायला शिकवायला येते. तिच्या मेहनतीला थोडं फळ आलं आहे.

“दुसरा शब्द आला,” काकूंनी दारातच सांगितलं. “‘नको.’ आता दिवसभर तोच. जेवायला नको, औषध नको, व्यायाम नको. मी म्हणते, याच्यापेक्षा आधीचा बरा होता.” असं म्हणून त्या हसल्या, आणि मग हसायच्या थांबल्या. त्या काय विचार करतायत ते मला कळलं. हा शब्द पाच महिने आधी आला असता तर.

मी काकांजवळ बसले. ते वाळले होते, पण दाढी स्वच्छ केलेली होती. माझ्याकडे एक बातमी होती. दोन आठवड्यांपूर्वी एका पेट्रोलपंपावर मला ती गाडी दिसली होती. कुणीतरी तिला निळा रंग दिला होता. मागे दोन सायकली बांधल्या होत्या. चालवणारं कुटुंब आनंदात दिसलं. मी मुद्दाम जवळ जाऊन विचारलं होतं, कशी चालते? चालवणारा म्हणाला होता, एकदम छान, काही दुरुस्ती लागली नाही. वाटेत बसमध्ये मी तीनदा ठरवलं होतं की हे सांगायचं, आणि तीनदा ठरवलं होतं की नाही सांगायचं. शेवटी वाटलं, ज्यांनी चार वर्षं घालवून बनवली, त्यांना ती चांगल्या हातात आहे हे कळायला हवं.

“काका,” मी म्हटलं, “मला तुमची गाडी...”

“नको,” काका म्हणाले.

स्पष्ट म्हणाले. त्यात लांब-तुटकं काही नव्हतं, काकूंना विचारायची गरज नव्हती. ती बातमी मी माझ्याजवळच ठेवली. त्यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला आणि खिडकीकडे बघत राहिले. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती आणि तिच्यावर कुणाचं तरी धुणं वाळत होतं.

काकू चहा घेऊन आल्या. काकांचा कप अर्धाच भरलेला होता, सांडू नये म्हणून. चहा झाल्यावर त्या म्हणाल्या, “चल, यांना फिरवून आणू. तू आहेस तर खालपर्यंत नेता येईल. एरवी मला एकटीला नाही झेपत.” लिफ्ट बंद होती. मग मी एक पायरी पुढे, काकू एक पायरी मागे, आणि मध्ये काका, असे आम्ही तीन मजले उतरलो. प्रत्येक पायरीवर आधी लुळा पाय, मग चांगला. खाली पोचायला पंचवीस मिनिटं लागली. खाली पोचल्यावर काका दमले होते, म्हणून आम्ही जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच बसलो. फिरायला कुणी गेलं नाही. वर परत चढायचं होतं, त्याच्यासाठी दम राखून ठेवायला हवा होता.